‘अंधायुग’ पुन्हा करताय? आधी दोन प्रहरी शोधा

प्रश्न एका जिल्ह्याच्या गावातल्या हौशी संस्थेकडून आलाय. पुढच्या वर्षी संस्थेला पन्नास वर्षं होतात, त्या निमित्ताने धर्मवीर भारतींचं ‘अंधायुग’ हे महाभारतावरचं हिंदी काव्यनाटक पुन्हा करायचं ठरलंय. त्यांच्या जुन्या मंडळींनी ते एकदा केलं होतं. हाताशी सोळा-सतरा जण आणि अडीच महिन्यांच्या संध्याकाळच्या तालमी. विचारलंय तीन गोष्टींबद्दल. हिंदीत करावं की मराठीत? कापायचं किती आणि कुठून? आणि सध्याच्या युद्धांशी नातं दिसावं म्हणून लष्करी गणवेश आणि मागच्या पडद्यावर बॉम्बहल्ल्याची दृश्यं घेतली तर चालतील का?

मी हे नाटक दोनदा बसवलंय. पहिल्यांदा वाईट, दुसऱ्यांदा बरं. त्याआधी एका मोठ्या दिग्दर्शकांच्या प्रयोगाला दिव्यांच्या डिमरवर बसलो होतो. तेवढ्या अनुभवावर लिहितोय. तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

गणवेश नको. व्हिडिओ तर अजिबातच नको.

पहिल्या वेळी मी नेमकं हेच केलं होतं. प्रहरींना, म्हणजे राजवाड्याच्या दोन पहारेकऱ्यांना, हिरवट खाकी कपडे, पायात बूट, हातात बंदुकीच्या आकाराचं काहीतरी. पहिल्या अंकानंतर बाहेर चहाच्या टपरीवर मी कान देऊन उभा होतो. लोक भांडत होते ते ही कुठली सीमा आणि आपले कोण यावर. गणवेश दिसला की प्रेक्षक पाच मिनिटांत बाजू निवडून मोकळा होतो, आणि बाजू निवडलेल्या प्रेक्षकाला हे नाटक ऐकूच येत नाही. मर्यादा दोन्ही पक्षांनी मोडली, पांडवांनी थोडी कमी आणि कौरवांनी थोडी जास्त, असं हे नाटक सुरुवातीलाच सांगून टाकतं. त्या ‘थोडी कमी, थोडी जास्त’मध्येच या नाटकाचं राजकारण आहे. भारतींनी हे लिहिलं 1953-54च्या सुमाराला, अलाहाबादेत, वयाच्या सत्ताविशीत. फाळणीला सहा-सात वर्षं झाली होती, हिरोशिमाला आठ-नऊ. पण नाटकात ना फाळणीचं नाव आहे, ना जपानचं. आहे ते महाभारत युद्धाच्या अठराव्या दिवसाची संध्याकाळ इथपासून प्रभासक्षेत्री कृष्णाच्या मृत्यूपर्यंत. ब्रह्मास्त्र सुटल्यावर पुढच्या पिढ्यांचं आणि जमिनीचं काय होईल ते व्यास ओरडून सांगतात, तेव्हा प्रेक्षागृहातल्या एकालाही अणुबॉम्ब समजावून सांगावा लागत नाही. मागे पडद्यावर अळंबीसारखा ढग दाखवलात की व्यासांचं बोलणं त्या ढगाच्या फोटोखालची ओळ होऊन जातं.

संहितेच्या आरंभी भारतींच्या स्वतःच्या सूचना आहेत. हौशी मंडळी त्या पानावरून सरळ पुढे जातात. तुम्ही तेच पान पहिल्या दिवशी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मागे एक कायमचा पडदा, त्यापुढे आणखी दोन. दर्शनी पडदा अंक सुरू होताना वर जातो आणि अंक संपेपर्यंत वरच राहतो. अंकाच्या आत दृश्यं बदलतात ती मधल्या पडद्याने. मधला आणि मागचा पडदा रंगवलेला नसावा, सजावट कमीत कमी असावी, प्रकाशयोजनेत मात्र फार दक्ष राहावं. थोडा बदल केला तर हे खुल्या रंगमंचावर लोकनाट्यासारखंही करता येईल, हेसुद्धा त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे लेखकाने दार उघडं ठेवलंय, फक्त रंगारी आत घेऊ नका म्हटलंय. तुमच्या हॉलचा मधला पडदा ओढताना करकरत असेल (बहुतेक गावांत करकरतोच) तर तो काढून टाका आणि दोन लेव्हल्स वापरा, वर राजवाड्याचा सज्जा आणि खाली अरण्य. आम्ही दुसऱ्या वेळी तेच केलं आणि सुताराचा खर्च निम्म्यावर आला.

आता मुख्य मुद्दा. ‘अंधायुग’ करायचं ठरलं की पहिल्या बैठकीतच गावातला सगळ्यात ताकदीचा नट अश्वत्थामा मागतो, सगळ्यात अनुभवी बाई गांधारी घेतात, आणि शेवटी उरलेल्या दोन पोरांच्या हातात भाले देतात. माझी पहिली खेप तिथेच पडली. माझे प्रहरी होते कॉलेजची दोन मुलं. पाठांतर चोख, पण उभी राहायची प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातल्यासारखी. तिसऱ्या अंकापर्यंत प्रहरी आले की मागच्या रांगेत खोकला सुरू व्हायचा. लोकांना ते दृश्यांमधलं भरताड वाटायला लागलं होतं, आणि त्यात लोकांची चूक नव्हती.

खरं तर पहिला अंक उघडतो तो या दोघांवर. एक डावीकडून येतो, एक उजवीकडून, आणि ओस पडलेल्या राजवाड्याच्या गलियाऱ्यात ते गस्त घालतात. सतरा दिवस तिकडे एवढं युद्ध झालं आणि यांचे भाले, यांच्या ढाली तशाच कोऱ्या, कारण राखायला इथे काही उरलेलंच नाही. दोघांना नावं नाहीत. गिधाडांचा ढग नगरीवरून कुरुक्षेत्राकडे जातो तेव्हा ते ढालींखाली दबून बसतात. ढालींचा सगळ्या युद्धातला वापर तेवढाच. पाचव्या अंकात युधिष्ठिराचं राज्य आलेलं असतं आणि हे दोघे तिथेच, तीच गस्त घालत. राजा बदलला, बाकी काही बदललं नाही. आधीचे आंधळे होते पण निदान राज्य तरी करत होते, हे नवे संत-ज्ञानी काय राज्य करणार, अशा अर्थाचं ते बोलतात. नीट बोललं गेलं तर इथे हशा पिकतो, पण कडू. आणि मग युयुत्सू, पांडवांकडून लढलेला कौरव, स्वतःला संपवतो तो भाल्याने. इतके दिवस बिनकामाची राहिलेली आपली शस्त्रं निदान आज उपयोगी पडली, असं प्रहरी एकमेकांना सांगतात. म्हणजे पहिल्या प्रवेशात हातात दिलेला भाला अडीच तासांनी वापरला जातो. तो भाला प्रेक्षकाच्या डोळ्यांत पहिल्यापासून रुतलेला नसेल तर पाचवा अंक नुसतं आणखी एक मरण दाखवून जातो.

दुसऱ्या खेपेला मी प्रहरी आधी ठरवले, मग अश्वत्थामा. आमच्यात एक काका होते, साखर कारखान्याच्या गेटवर वीस-बावीस वर्षं रात्रपाळी केलेले. नाटकात त्यांना कायम सावकार नाहीतर मामलेदार मिळायचा. पहिल्या तालमीत मी त्यांना भाला ताठ धरायला सांगितलं, तर म्हणाले, “साहेब, रात्री दोननंतर कोण ताठ उभं राहतं? काठी आपण धरत नाही, काठीच आपल्याला धरते.” मग उभं राहून दाखवलं. भाल्याचं बूड उजव्या पावलाच्या बाहेर टेकवलेलं, दोन्ही हात एकावर एक भाल्यावर छातीच्या उंचीला, हनुवटी मनगटापाशी, सगळं वजन एका पायावर. दर काही वाक्यांनी वजन दुसऱ्या पायावर जातं, तेव्हा भाल्याचं टोक वर थोडंसं हलतं. कुणी वरिष्ठ आला की मान आधी ताठ होते, पाठ नंतर. मी तिथे आणखी काही दिग्दर्शन केलंच नाही. दुसऱ्या प्रहरीला फक्त सांगितलं की यांच्याकडे बघून उभं राहा, पण वजन उलट्या पायावर ठेव. विदुर आत येतो तेव्हा दोन्ही भाल्यांची टोकं एकदम सरळ व्हायची, आणि शब्द न बोलता राजवाडा उभा राहायचा. भाले सहा फुटी वेळूचे होते, टोकाला पत्र्याचं पातं. थर्माकोलचा भाला घेऊ नका. टेकवल्यावर त्याचा आवाज येत नाही, आणि तो आवाजच तर गस्त आहे.

यानंतरचा हुकमी नट युयुत्सूला द्या. कौरव असून पांडवांच्या बाजूने लढलेला, सत्याची बाजू घेतली म्हणून युद्ध जिंकून घरी परतलेला, आणि घरी त्याला कुणी उंबऱ्यात घेत नाही. तिसऱ्या अंकात पराभूत सैन्याबरोबर तो नगरीत येतो तेव्हा लोक दारं लावून घेतात. आईसुद्धा टोमण्यांनीच स्वागत करते. मग तो मुका, जखमी सैनिक. पाण्याची खूण करतो, युयुत्सू पाणी घेऊन जातो, आणि तोंड दिसताच सैनिक भेदरून मागे सरकतो. त्याचे पाय युयुत्सूच्याच बाणांनी गेलेले असतात. पाचव्या अंकात तोच मुका त्याच्यावर दगड भिरकावतो. या प्रवेशात संगीत नको. आम्ही एक पितळी भांडं खऱ्या पाण्याने भरून घेतलं होतं. सैनिक मागे सरकला की युयुत्सूने ते ओतायचं नाही, फेकायचं नाही, नुसतं हातात धरून राहायचं. तालमीत पोरगा दरवेळी ते खाली ठेवायचा, कारण काय करायचं सुचत नाही म्हटल्यावर नटाला हात मोकळे हवेसे वाटतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मी त्याला म्हटलं, प्रहरी येऊन बोलायला लागेपर्यंत भांडं सोडलंस तर आजचा चहा तुझ्याकडून. त्या दिवशी प्रवेश उभा राहिला.

अश्वत्थाम्याबद्दल कमी लिहितोय, कारण तो जवळजवळ आपला आपण चालतो. एकच धोका आहे. अर्धसत्याने बाप मारला गेला, म्हणून धनुष्य मोडून पशू झालेला माणूस, असं म्हटलं की आपले नट पहिल्या वाक्यापासून गुरगुरतात. दुसऱ्या अंकाचं नावच ‘पशु का उदय’ आहे. उदय म्हणजे आधी अंधार हवा ना! वृद्ध याचकाचा गळा तो आवळतो तोपर्यंत आवाज खालच्या पट्टीत ठेवा. चौथ्या अंकातल्या संहारासाठी वरचे सूर शिल्लक राहिले पाहिजेत.

आता काटछाट. पूर्ण संहिता आमच्या वेगाने मध्यंतर धरून तीन तासांच्या आसपास गेली होती. तुम्हाला सव्वादोनपर्यंत आणायचं असेल तर कथागायनातले काही तुकडे, बलरामाच्या प्रसंगातला काही भाग आणि कृपाचार्य-कृतवर्मा यांच्यातली ये-जा सैल करता येईल. ‘अंतराल’ कापायचा मोह सगळ्यांना होतो. तिसऱ्या अंकानंतरचा तो भाग, ‘पंख, पहिये और पट्टियाँ’ नावाचा. मेलेला याचक प्रेतरूपाने येऊन काळ थांबवतो आणि एकेका पात्राला बोलतं करतो. ‘लोकांना कळत नाही’ म्हणून मीही पहिल्या वेळी तो उडवला होता. मग शेवटी काय झालं? कृष्णाला बाण मारणारा ‘जरा’ नावाचा व्याध म्हणजे तोच याचक, हे नाटकात गृहीत धरलेलं आहे. अंतराल गेला की समापनात हा माणूस कुठून टपकला ते कुणालाच कळेना. एका सद्‌गृहस्थांनी प्रयोगानंतर मला विचारलं, तो म्हातारा शेवटी पुन्हा कसा आला, नट कमी होते का? त्यामुळे अंतराल ठेवा, हवं तर त्याच्या आधी मध्यंतर घ्या. लेखकाचीही तशी सूचना आहेच.

भाषा. हिंदीतच करा, असा माझा कल आहे, पण एका अटीवर: पहिले पंधरा दिवस कुणीही उठून उभं राहायचं नाही. बसून वाचन, दुसरं काही नाही. मराठी माणसाची हिंदी या नाटकात विशेष उघडी पडते, कारण पात्रांच्या नावांतच ऋकार भरलेत. कृष्ण, कृपाचार्य, कृतवर्मा, धृतराष्ट्र. आपण ‘क्रुपाचार्य’ म्हणतो, हिंदीत ‘क्रिपाचार्य’. आपला ‘कौरव’ ‘कउरव’ होतो, ‘है’चा ‘हइ’ होतो, ‘ज्ञानी’चा ‘द्न्यानी’, ‘संशय’चा ‘सौंशय’. ‘जो’, ‘जब’, ‘चाहे’ यांतले च आणि ज आपण ‘चमचा’, ‘जहाज’मधल्यासारखे दाताला लावतो. एकट्या नटाचं खपून जातं, पण सोळा जण सोळा तऱ्हांनी बोलले की अख्खी हस्तिनापुरी गडगडते. वर्गातल्या फळ्यावर असे तीस-चाळीस शब्द लिहून ठेवा आणि रोज तालमीच्या आधी सगळ्यांनी मिळून म्हणा, पाढ्यांसारखे.

मराठीत करायचंच असेल तर अनुवाद वरवर सोपा वाटतो, कारण तत्सम शब्द दोन्हीकडे तेच. अडचण क्रियापदांची. ‘था’ एका अक्षरात संपतो, ‘होता’ला दोन लागतात, ‘है’चा ‘आहे’ होतो. मुक्तछंदात दर ओळीला एक अक्षर वाढलं की चौथ्या ओळीला नट धापा टाकतो. अनुवाद करणाऱ्याने ‘आहे’ जिथे गाळता येईल तिथे निर्दयपणे गाळावा. मराठीला ते शोभतंही.

भाषा कोणतीही घ्या, मुक्तछंद बोलायचा कसा हे बसवावंच लागेल. छापलेली ओळ संपते तिथे श्वास संपत नाही, एवढं सांगून भागत नाही. एकाच पात्राच्या एकाच बोलण्यात मन दोनदा कूस बदलतं, तेव्हा लयही बदलते. लेखकाने ते मुद्दाम केलंय. मी नटांना पेन्सिल देऊन लय बदलते तिथे उभी रेघ मारायला सांगतो. बहुतेकांच्या रेघा पहिल्या वाचनात चुकीच्या जागी पडतात आणि आठवड्याने आपोआप सरकतात. संजयाचे संवाद यासाठी सगळ्यात कठीण आणि सगळ्यात उत्तम. आपल्याकडे पल्लेदार संवादफेकीची जुनी सवय आहे, ती इथे अंगाशी येते. टाळी मिळते, पण पुढचं वाक्य टाळीत बुडतं.

गायनाला लेखकाने दोन आवाज मागितलेत, एक पुरुष आणि एक स्त्री, आणि वाद्यं कमीत कमी. हा प्रकार लोकनाट्यातूनच घेतलाय, तेव्हा आपल्या मातीचा बाज द्यायला हरकत नसावी. मात्र पोवाडा घेऊ नका. पोवाड्याला वीर लागतो आणि इथे एकही नाही. गोंधळाचा बाज आम्ही वापरला, संबळ नको, नुसतं तुणतुणं आणि दोन गळे, आणि ते जमून गेलं. कृष्ण रंगमंचावर येत नाही, त्याचा आवाज येतो. तो रेकॉर्ड करू नका. विंगेत माणूस उभा करा. गांधारी शाप देते आणि तो शाप कृष्ण स्वीकारतो, तिथे बाईंच्या श्वासाला श्वास लावून बोलणारा जिवंत माणूसच लागतो. बासरी तर कृपा करून टाळा.

गांधारीच्या डोळ्यांवरची पट्टी एकेरी मलमलची घ्या, म्हणजे आतून रंगमंचाची कड दिसते. जाड कापड बांधून आमच्या बाई एकदा तालमीत लेव्हलवरून पाय चुकून पडल्या होत्या, नशिबाने नुसतं मुरगळण्यावर निभावलं.

उघड्यावर करायचा विचार तुमच्या पत्रात शेवटी डोकावतोय. 1962मध्ये दिग्दर्शक सत्यदेव दुबेंनी थिएटर युनिट या संस्थेतर्फे मुंबईत हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आणलं आणि पुढच्या वर्षी दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींनी दिल्लीत फिरोजशाह कोटला किल्ल्याच्या पडक्या भिंतींत. तेव्हापासून ‘अंधायुग’ म्हटलं की सगळ्यांना भग्न किल्लाच दिसतो. तुमच्याकडे किल्ला असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी, वीज आणि वारा या तिन्हींचा हिशेब करा. आम्ही नदीच्या घाटावर एक प्रयोग केला होता. घाट सुंदर दिसला, पण वाऱ्याने माइकात एवढा घोंगावा भरला की प्रहरींचा एक शब्द पोचला नाही. ज्या नाटकाचा जीव बोलण्यात आहे ते मी पुन्हा उघड्यावर नेणार नाही. तुमचा तो दोनशे खुर्च्यांचा जुना हॉल बरा, पंखे तेवढे बंद ठेवा.

एक काम मात्र तालमींच्याही आधी. भारती 1997मध्ये गेले, म्हणजे स्वामित्वहक्क 2057 अखेरपर्यंत आहे. प्रयोगाची, अनुवादाची आणि काटछाटीची, तिन्हींची लेखी परवानगी हक्कदारांकडून प्रकाशकांमार्फत मागा. कुठली पानं गाळणार ते पत्रातच लिहा. जुन्या मंडळींनी तेव्हा परवानगी घेतली होती, हे आता चालत नाही. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, संहिता पाठवायची ती कापलेली, अंतिम. पूर्ण पाठवून नंतर कापू म्हणाल तर धावपळ होते. उत्तर यायला वेळ लागेल. तोपर्यंत बसून वाचन चालू ठेवा, आणि गावात रात्रपाळी केलेलं कुणी आहे का, ते विचारून ठेवा.